दोन ओळींची दुरुस्ती

रेणुका साळुंखे हिच्याविषयी आमच्या दैनिकाच्या सांगली आवृत्तीत तीन वेळा छापून आलं. तिन्ही वेळा मजकूर माझा होता. पहिली बातमी सहा ओळींची. दुसरी दोन ओळींची. तिसरी राज्य संघाच्या निवडीची, आणि तीत तिचं नाव नव्हतं. खेळाच्या पानावर काम करणाऱ्याच्या हाताखालून अशी नावं रोज जातात आणि दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत. हे राहिलं, त्याला कारण मधली दोन ओळींची बातमी.

तिचं गाव खानापूर तालुक्यात, विट्याहून एसटीनं पाऊण तासावर. या भागातली माणसं काही पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. सराफांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवायचं, तेजाबात शुद्ध करून परत द्यायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी गावातले पुरुष देशभर पांगलेले असतात. घर मात्र गावातच बांधतात. दोन मजली, बाहेरून टाइल्स लावलेलं, आणि वर्षातले दहा महिने अर्धं कुलपात. एकाच आडनावाची घरं ढिगानं, म्हणून घर ओळखायचं ते धंद्याच्या शहरावरून. कोचीनवाले, मदुराईवाले, सिलीगुडीवाले. रेणुकाच्या घरावर संगमरवरी पाटी होती: 'साळुंखे, ऐझॉल'. ऐझॉल म्हणजे मिझोरामची राजधानी. पाटी तिच्या आजोबांनी, तात्यांनी, हौसेनं लावून घेतली होती. तात्या स्वतः कधी तिकडे गेले नव्हते.

गेला होता तो त्यांचा थोरला मुलगा आनंदा. त्यानं तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं. तिचं नाव लालरिनपुई. रेणुका सहा वर्षांची असताना ती काविळीनं गेली. आनंदानं जत्रेला येताना मुलीला सोबत आणलं आणि जाताना धाकट्या भावाच्या बायकोकडे, सुमनकडे, ठेवलं. सुमनला मूल नव्हतं. तिचा नवराही पुढे ऐझॉलच्या दुकानातच कामाला गेला. म्हणजे त्या घरात राहिली तीन माणसं: तात्या, सुमन आणि ही मुलगी.

चेहरा आईचा. गालाची हाडं रुंद, डोळे बारीक, केस सरळ आणि जाड. भाषा मात्र अस्सल खानापुरी. ती 'व्हय' म्हणाली की नवखा माणूस आवाज कुठून आला ते शोधायचा. शाळेच्या गणवेशात ती विट्याच्या स्टँडवर उभी असली की कंडक्टर तिच्याशी हिंदीत बोलायचे. ती मराठीत तिकीट मागायची. ते पुन्हा हिंदीत सुट्टे पैसे मागायचे. हे वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि आपण भाषा बदलायची नाही एवढं तिनं ठरवलं होतं. गावात तिला 'नेपाळी' म्हणत. चिडवायला म्हणत तसं सहजही म्हणत, एखाद्याला 'लंगडा' म्हणावं तसं.

मी तिच्या बापाशी एकदाच बोललो, फोनवर. मुलीला आजोळी का ठेवलं नाही, असं विचारलं. तो म्हणाला, "तिकडं माझ्यासारख्या भायरच्या माणसाला 'वाइ' म्हणत्यात. हिलाबी म्हणायला लागली हुती पोरं. मला वाटलं, गावाकडं तरी न्हाई म्हणायची."

बेसबॉल तिच्या आयुष्यात आला तो मुल्ला सरांच्या हिशेबातून. मुल्ला सर गावातल्या बारावीपर्यंतच्या शाळेत क्रीडाशिक्षक. बुटके, दम्याचे, गळ्यात कायम शिट्टी आणि खिशात कायम इनहेलर. त्यांना बेसबॉलचं प्रेम नव्हतं, हे ते स्वतःच सांगत. "कबड्डीला मरणाची गर्दी. खो-खोला तीच गत. बेसबॉलला तालुक्यात आपण आन विट्याची एक शाळा. एक मॅच जिंकली की जिल्हा, दोन जिंकल्या की विभाग. पोरींना दहावीला वाढीव मार्क मिळत्यात. आता सांगा, मी काय चूक केली?"

संघ आठवडी बाजाराच्या मैदानावर सराव करायचा. बाजाराचा वार सोडून. होम प्लेट साखर कारखान्याच्या जुन्या रबरी पट्ट्यातून कापलेली, बेस म्हणजे वाळू भरलेली सिमेंटची पोती. नऊ पोरींत चामडी हातमोजे पाच. फटका कुठे जाईल याचा अंदाज घेऊन मोजे एकमेकींकडे फेकायचे, असा त्यांचा स्वतःचा एक नियम होता आणि तो कुठल्याही पुस्तकात नव्हता.

रेणुका पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, होती. हात लांब आणि मनगट विलक्षण मोकळं. मुल्ला सरांना ती सापडली ती शाळेच्या मागच्या द्राक्षबागेत, घडांवर बसलेले बुलबुल दगड मारून उठवताना. घडाला एकही दगड लागत नव्हता. सरांनी अर्धा तास कुंपणापाशी उभं राहून बघितलं आणि मग बागवाल्याला विचारलं, "ही कुणाची?" तो म्हणाला, "ऐझॉलवाल्यांची नेपाळी." सर म्हणाले, "मला पायजे."

तिच्या सवयी थोड्या आणि ठरलेल्या होत्या. चेंडू टाकण्याआधी ती वाकून दोन बोटं मातीला लावायची आणि डाव्या बाहीला पुसायची. हातमोज्याला करडईचं तेल चोळायची, त्यामुळे ती शेजारून गेली की फोडणीआधीच्या स्वयंपाकघराचा वास यायचा. जिंकल्यावर उड्या मारायची नाही. आणि मोजायची मिझोत.

आईची भाषा ती विसरली होती. राहिले होते फक्त आकडे, एक ते दहा. ऐझॉल डोंगरावरचं शहर. घरी जायला पायऱ्या फार. आई तिचा हात धरून पायऱ्या मोजायची. ते मोजणं तेवढं टिकलं. मैदानावर एक गडी बाद झाला की ती म्हणायची, "पखात." दुसरा, "पह्नी." तिसरा, "पथुम." सुरुवातीला पोरी हसल्या. मग कॅचर पूनमनं ते उचललं. मग सगळ्यांनी. वर्षभरात तो संघ मिझोत मोजणारा सांगली जिल्ह्यातला एकमेव संघ झाला. तिसरी बाद झाली की नऊजणी एका दमात 'पथुम' म्हणायच्या आणि तोंड फिरवून आत पळायच्या. जिल्हा स्पर्धेत कर्नाटकच्या सीमेवरच्या जतच्या संघाविरुद्ध पंचांनी सामना थांबवला. त्यांना वाटलं, कन्नडमधून खुणा चालल्या आहेत. त्यांनी जतच्या कर्णधाराला विचारलं, "काय म्हणताहेत गं या?" ती म्हणाली, "ठावं न्हाई सर. आमचं कन्नड न्हाई हे."

मुल्ला सर सुमनविषयी एक गोष्ट सांगत. सामना गावात असला की ती ज्वारीच्या भाकरी आणि पिठलं घेऊन यायची आणि कट्ट्यावर पदर दातात धरून बसायची. खेळ तिला कळत नव्हता. तीन झाले की आपल्या पोरी आत येतात, एवढं कळलं होतं. म्हणून तीही मोजायची. आधी ओठांत, मग मोठ्यानं.

सांगलीतल्या एका स्पर्धेत मी रेणुकाला प्रथम खेळताना पाहिलं. समोरच्या संघाची एक बॅटर, उंच, बोलघेवडी, तिच्या तोंडाकडे बघून आपल्या मैत्रिणींना म्हणाली, "चायना माल हाय गं. टिकायचा न्हाई." सगळ्यांना ऐकू गेलं. मुल्ला सर उठले. रेणुकानं त्यांना हातानं बसवलं. दोन बोटं मातीला लावली, बाहीला पुसली. तीन चेंडू टाकले. तिन्ही वेळा बॅट हवेतून फिरली. ती बॅटर परत जाताना तिची बॅट हातातून निसटून खाली पडली. रेणुकानं ती उचलून दिली आणि अगदी हळू विचारलं, "टिकला का माल?"

सामन्यानंतर तिच्याशी पाच मिनिटं बोललो. बेसबॉलच का, हा ठरीव प्रश्न विचारला. उत्तर ठरीव नव्हतं. ती म्हणाली, "सर, मला बगायला सगळ्यास्नी आवडतं. यष्टीत बगत्यात, दुकानात बगत्यात. पर तोंड बगत्यात. हितं उभी ऱ्हायली की हात बगत्यात." आणि पुढे, "हितं मी कुठली हाय ह्ये कोण इचारत न्हाई. चेंडू कुठं जाणार एवडंच."

हे वाक्य मी छापलं नाही. सहा ओळींत बसत नव्हतं. छापलं ते असं: 'यशाचे श्रेय रेणुकाने आई सुमन व क्रीडाशिक्षक मुल्ला यांना दिले.' श्रेय देणारं वाक्य ती बोललेली नव्हती. अशी वाक्यं आम्ही लिहितो. खेळाडूही ती आपली मानतात. आईचं नाव मुल्ला सरांनी दिलेल्या शाळेच्या यादीतून घेतलं होतं.

चार दिवसांनी ती सांगलीच्या कार्यालयात आली. एकटी, दोन एसटी बदलून. गणवेशात. पेपरचा तो अंक घडी घालून दप्तरात ठेवलेला. घरच्या कुणा मोठ्या माणसाची चिठ्ठी नाही. टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "सर, बातमीत चूक हाय."

"कुठली?"

"आईचं नाव. सुमन माझी काकी हाय. लय चांगली हाय. पर आई न्हवं."

मी विचारलं, शाळेच्या दाखल्यावर काय आहे. ती म्हणाली, सुमन. आधार कार्डावर? तेच. मी तिला आमचा नियम सांगितला. लेखी पुरावा असल्याशिवाय दुरुस्ती छापत नाही. कागद आमच्या बाजूनं असेल, तर आमची बातमी बरोबर.

तिनं अंकाची पुन्हा घडी घातली. "म्हंजी कागदावर आसंल तवाच खरं?"

"छापायचं असेल तर, हो."

"बरं," म्हणाली आणि निघाली. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात तिचा आवाज ऐकू आला. उतरताना ती पायऱ्या मोजत होती. त्या भाषेत.

दाखल्यावर सुमनचं नाव का, हे नंतर कळलं. त्यात कुणाचा डाव नव्हता. गलाईवाल्यांच्या गावांत मुलं आजी-चुलतीकडे वाढतात. आईबाप हजार मैलांवर. शाळेत सही करायला, बैठकीला यायला, दाखला काढायला जी बाई गावात असेल, तिचंच नाव पुष्कळदा आईच्या रकान्यात जातं. शिक्षकांना ठाऊक असतं, गावाला ठाऊक असतं. मोठेपणी कधी अडलं, तर प्रतिज्ञापत्र करून मार्ग निघतो. रेणुकाच्या वेळी नाव तात्यांनी सांगितलं होतं. त्यांचा विचार आणखी एक पाऊल पुढचा होता. ते मला म्हणाले, "पोर हितंच ऱ्हाणार. हितंच लगीन हुणार. जलमभर परत्येकाला तिच्या आयचं नाव सांगत बसायचं, मग त्यो इचारणार ह्ये कसलं नाव, कंच्या धर्माचं. म्हणलं, तिला त्ये नकोच." तात्या खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी नातीला आडोसा करून दिला होता, आणि तो खरंच आडोसा आहे अशी त्यांची खात्री होती.

दोन महिन्यांनी रेणुका परत आली. बापाकडून कुरिअरनं मागवलेला जन्माचा दाखला होता. ऐझॉलचा, इंग्रजीत. बापाचं नाव आनंदा साळुंखे. आईचं लालरिनपुई. जन्मतारीख शाळेतल्या तारखेशी जुळत होती. बाळाच्या नावाची जागा कोरी होती. जन्माच्या वेळी नाव ठरलेलं नसलं की ती कोरीच राहते आणि पुढे कुणी भरत नाही. संपादकांनी दाखला पाहिला आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी सातव्या पानावर, तळाशी, दोन ओळी आल्या: 'कु. रेणुका साळुंखे या खेळाडूच्या आईचे नाव सुमन असे प्रसिद्ध झाले होते. ते लालरिनपुई असे वाचावे.'

मुल्ला सर सांगत, त्या दिवशी ती पेपर घेऊन मैदानावर आली आणि तो हातमोज्यात दुमडून ठेवला. पूनमनं मोठ्यानं वाचून दाखवला. पोरींनी ते नाव दोन-तीनदा म्हणून पाहिलं. जमल्यावर सरावाला लागल्या. घरी सुमनच्या पत्र्याच्या कपाटाच्या दाराला आतून पहिली बातमी चिकटवलेली होती; 'आई सुमन' असलेली. ती तिनं काढली नाही.

पुढच्या हिवाळ्यात राज्य स्पर्धा साताऱ्यात होती. याच स्पर्धेतून राष्ट्रीय स्पर्धेसाठी राज्याचा संघ निवडला जाणार होता. मी ती तीन दिवस वार्तांकनासाठी पाहिली. रेणुका त्या तीन दिवसांत जशी खेळली, तशी शाळकरी मुलगी खेळताना मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. एवढंच नोंदवतो. शेवटच्या दिवशी सकाळी अकराला ध्वनिक्षेपकावरून संघ जाहीर झाला. तिचं नाव पाचवं होतं. पोरींनी तिला उचललं. ती पहिल्यांदा हसताना दिसली, दात दिसतील एवढं. सुमन कट्ट्यावर होती. सोबत पोरींसाठी शेंगदाण्याचे लाडू आणले होते. तिनं डबा उघडला आणि समोर येईल त्याच्या हातावर लाडू ठेवत सुटली. निवड समितीच्या शिपायालाही दिला.

साडेबाराला हरकत आली. दुसऱ्या एका जिल्ह्याच्या संघ व्यवस्थापकानं, ज्याची पिचर राखीव राहिली होती, एका कागदावर दोन कात्रणं शेजारी शेजारी चिकटवून दिली होती. दोन्ही आमच्या दैनिकाची. डावीकडे सहा ओळी, उजवीकडे दोन. खाली लिहिलं होतं: खेळाडूच्या कागदपत्रांची शहानिशा व्हावी.

निवड समितीचे अधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी मुल्ला सरांना आणि रेणुकाला आत बोलावलं. शाळेच्या दाखल्यावर एक आई आहे, जन्माच्या दाखल्यावर दुसरी, आणि जन्माच्या दाखल्यावर मुलीचं नावच नाही. उद्या कुणी म्हणेल, हा दाखला हिचा कशावरून. संध्याकाळी पाचला फॉर्म पाठवायचे होते. त्यांनीच मार्ग सुचवला. "सोपं आहे. प्रतिज्ञापत्र करा. सुमन आणि हे दुसरं, ही एकाच बाईची नावं. लग्नानंतर नाव बदलतंच की. माहेरचं ते, सासरचं हे. त्या बाई आल्याच आहेत ना? सही करतील. मी घेतो."

मुल्ला सरांनी इनहेलर ओढला आणि सगळ्यांना रिक्षात घातलं. मीही मागच्या रिक्षात गेलो. तहसील कचेरीच्या आवारात मुद्रांक विक्रेत्यांची आणि टायपिस्टांची टेबलं असतात. टायपिस्ट वयस्क होता, अशी प्रतिज्ञापत्रं त्यानं आयुष्यात किती केली असतील याचा हिशेब नसावा. त्यानं मान वर न करता मजकूर उतरवला. मग वाचून दाखवला: "मी, सौ. सुमन ऊर्फ लालरिनपुई साळुंखे, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की..."

सुमन सातवी शिकलेली. तिनं कागद हातात घेतला आणि ते नाव अक्षर लावून वाचलं. लाल. रिन. पुई. दोनदा. मग पेन मागितलं.

रेणुका म्हणाली, "काकी, हे काय हाय ठावं हाय का तुला?"

"ठावं हाय की. सही केली की तू जातीस."

"पर ह्यात तू आईचं नाव घेतलंयस."

"घेतलं तर घेतलं. नाव घ्यायला काय लागतंय गं? तुझ्यासाटी मी धा नावं घीन."

"आन आई?"

"आई आता काय कागद वाचाया येतीया व्हय?"

टायपिस्टनं पहिल्यांदा मान वर केली. रेणुका सुमनच्या हातातल्या पेनाकडे बघत होती. "ती येत न्हाई," ती म्हणाली, "म्हणून तर लिवायचं. हे केल्यावर ती कुठंच ऱ्हात न्हाई. तूच ती हुतीस."

मुल्ला सर समजावू लागले. कागद आहे, कागदाला काय कळतं, राष्ट्रीय खेळलीस की नोकरीचं दार उघडतं, खेळाडूंना जागा असतात. नंतर सगळं नीट करून घेऊ. ते बरोबर बोलत होते. फोनवर तात्या होते. ते ओरडत होते, एवढंच ऐकू येत होतं. रेणुकानं सुमनच्या बोटांतून पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं.

सुमननं विचारलं, "मग मी कोण?"

प्रश्न तक्रारीच्या सुरात नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ज्या बाईनं अकरा वर्षं रेणुकाला न्हाऊ-माखू घातलं, जिच्या घरात दुसरं मूल नव्हतं, तिचा हा प्रश्न होता. उत्तर द्यायला त्या मुलीकडे जास्त शब्द असते, तर बरं झालं असतं. ती सतरा वर्षांची होती.

"तू काकी," ती म्हणाली.

सुमननं लाडवांचा रिकामा डबा पिशवीत घातला, पदर डोक्यावरून घेतला आणि एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागली. पाचला फॉर्म गेले. राखीव पिचर संघात आली. संघाची यादी मी रात्रीच्या आत सांगलीला पाठवली. तेरावं नाव तपासून घ्या, एवढं उपसंपादकानं फोनवर सांगितलं; पाचव्याविषयी विचारायला त्याच्याकडे कारण नव्हतं.

त्यानंतर रेणुका बेसबॉल खेळली नाही. मुल्ला सर दोनदा घरी गेले. दोन्ही वेळा ती म्हणाली, अभ्यास आहे. सुमन तिच्याशी बोलत होती. जेवलीस का, दार लाव, एवढं. सर म्हणाले, "त्या घरात आता कुणी चुकीचं बोलत न्हाई. लय नीट बोलत्यात सगळी. त्येच बगवत न्हाई." शाळेच्या नोंदवहीतलं नाव बदलण्यासाठी तिनं अर्ज केला होता. त्याचं उत्तर आलं नाही. बारावीच्या गुणपत्रिकेवर आईच्या नावापुढे 'सुमन' असंच छापून आलं.

निकालानंतर तिचा फोन आला. ती ऐझॉलला बापाकडे निघाली होती. तिकडेच कॉलेज करणार. मिरजेहून पुण्याची गाडी, तिथून पुढे गुवाहाटीची. तिला एकच गोष्ट हवी होती: त्या दुरुस्तीच्या अंकाची प्रत. तिची प्रत सरावात घामानं विरली होती. "तिकडं मावशीला दावायचाय," ती म्हणाली. "जलमाच्या दाखल्यात आई हाय, पर मी न्हाई. शाळेच्या दाखल्यात मी हाय, पर आई न्हाई. आमी दोगी एका जाग्याला फकस्त तुमच्या पेपरात हाय."

अंक मी आमच्या जुन्या संचातून काढला. मिरज स्टेशनवर दुपारी गेलो. पुण्याची गाडी फलाटावर लागलेली होती. तात्या आले नव्हते. मुल्ला सर आले होते आणि सुमन आली होती. रेणुकानं अंक घेतला, सातवं पान उघडून खात्री केली, आणि पाठीवरच्या पिशवीतून हातमोजा काढून त्यात दुमडून ठेवला. करडईच्या तेलाचा वास आला. मोजा म्हणजे इतके महिने चोळला जात होता. मी तिला, ते कात्रणावरून झालं त्याबद्दल काही बोलणार होतो. ती म्हणाली, "तुमी बरोबरच छापलं हुतं सर." आणि डब्यात चढली.

सुमन खिडकीपाशी उभी राहून आत ठेवलेलं सामान बघत होती. प्रवासाला निघालेल्या माणसाचं सामान घरच्या बाईनं मोजायचं असतं; किती नग आहेत ते सांगायचं, म्हणजे उतरताना तेवढे उतरवता येतात. सुमननं बोट दाखवत मोजलं. पत्र्याची पेटी. "पखात." कपड्यांची बॅग. "पह्नी." भाकरी, चटणी आणि लाडवांची पिशवी. "पथुम."

मग ती थांबली. चौथा नग रेणुकाच्या पाठीवर होता, हातमोज्याची पिशवी. सुमनला पुढचा आकडा येत नव्हता. मैदानावर कधी तीनच्या पुढे जावं लागलं नव्हतं.

रेणुका आतून म्हणाली, "पली."

"पली," सुमन म्हणाली. "चार हायत. ध्यानात ठिव."

गाडी सुटली. रेणुका गजांना कपाळ लावून बघत होती, हात हलवत नव्हती. डबा सिग्नलच्या पुढे जाईपर्यंत तो चेहरा दिसत होता. मी तिला त्यानंतर पाहिलेलं नाही. मुल्ला सरांकडे तिचा जो नंबर आहे, तो आता लागत नाही.

फलाटावरून बाहेर येताना सुमन जिन्यापाशी अडखळली. सरांनी हात दिला. ती एकेक पायरी चढत, ओठ हलवत वर गेली आणि चौथ्या पायरीवर पुन्हा थांबली.

"पाचाला काय म्हणत्यात," ती म्हणाली, "त्ये इचारायचं ऱ्हायलं."